सगळं वाजवतो, नाव मात्र कुठेच नाही

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): मी ३७ वर्षांचा, राहणार कल्याण. वडील लोकनाट्यात ढोलकी वाजवायचे, त्यामुळे हात लहानपणीच बसला. शाळेत असताना गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड) वाजवू लागलो, मग ड्रम्स. गेली चौदा-पंधरा वर्षं मुंबईत रेकॉर्डिंग करतो. चित्रपट, मालिका, जाहिराती, भक्तिगीतं, टीव्हीवरचे गाण्यांचे कार्यक्रम, सगळीकडे वाजवलं. ड्रम्स, ढोलकी, डफ, कहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी), जे सांगतील ते. दोन प्रायोगिक नाटकांना आणि काही लघुपटांना संगीतही दिलं. एका अरेंजर (संगीत संयोजक) मित्राला मालिकांचं पार्श्वसंगीत आणि शीर्षकगीतांच्या चाली करून देतो. पैसे रोख मिळतात, नाव त्याचं लागतं. आता सगळे संगणकावरच तालाचं प्रोग्रामिंग करतात, रेकॉर्डिंगचे फोन निम्म्यावर आले. मध्यंतरी एका ज्येष्ठ संगीतकारांनी चारचौघांत माझी ओळख करून दिली, ‘हा आमचा हरहुन्नरी गडी, कुठेही बसवा.’ सगळे कौतुकाने हसले, मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. सगळं येतं म्हणजे एकही धड येत नाही, असंच ना? वडील म्हणतात, वादकाने वाजवावं, भलत्या फंदात पडू नये. बायको बँकेत आहे, मुलगी पाच वर्षांची. ठाण्याच्या एका शाळेत पूर्णवेळ संगीतशिक्षकाची जागा चालून आली आहे. वाजवणं बंद करून पूर्णवेळ संगीतकार होऊ, की शाळा धरू? ता.क. हल्ली रात्री शांततेत कानात बारीक शिट्टी वाजल्यासारखं होतं.

नमस्कार,

ताजा कलम तुम्ही जाता जाता लिहिलाय, पण मी सुरुवात तिथूनच करते. बाकीचे सगळे निर्णय महिनाभर थांबू शकतात, हा थांबू शकत नाही. या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, तुम्ही काय वाजवता आणि किती तास वाजवता ते सांगा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या ज्या बारीक केसपेशी मरतात, त्या माणसात पुन्हा तयार होत नाहीत. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, राहिलेलं सांभाळता येतं. कामाच्या जागी ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास, ही काळजी घेण्याची रूढ मर्यादा आहे, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की तो सोसायची मुदत निम्मी होते. ड्रम्सवर बसलेल्या माणसाच्या कानाशी १०० डेसिबल सहज होतात. त्या हिशेबाने तुमच्या वाट्याला दिवसाला १५ मिनिटं येतात, आणि तुम्ही हेडफोनमध्ये क्लिक (लय धरण्यासाठीची टिकटिक) मोठा करून तासन्‌तास टेक देता. वादकांसाठी वेगळे इअरप्लग मिळतात. साधा कापूस किंवा फोमचा बोळा वरच्या पट्टीतला आवाज जास्त खातो, सिंबल मेल्यासारखी वाटते, म्हणून ड्रमर ते काढून टाकतात. वादकांचे प्लग सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या खाली आणतात. आठवडाभर परकं वाटेल, मग सवय होते. क्लिक कानात घुसवण्याऐवजी त्याचा टोन बदलून मागा, रेकॉर्डिस्टला ते दोन मिनिटांचं काम आहे. वाजवा, शिकवा किंवा चाली करा, तुमच्या तिन्ही वाटांना कान लागणार आहेत.

आता त्या ‘हरहुन्नरी गडी’कडे वळू. तुम्हाला ते लागलं, आणि मला वाटतं ते लागायलाच हवं होतं, फक्त तुम्ही समजताय त्या कारणासाठी नव्हे. सगळं येतं म्हणजे एकही धड येत नाही, हा निष्कर्ष तुमचा आहे. तो तुमच्या कामाशी ताडून बघा. सकाळी एका भक्तिगीतात ड्रम्सवर केरवा असा वाजवायचा की तबल्याच्या अंगावर पाय पडू नये. दुपारी तीस सेकंदांची जाहिरात, तिथे दुसऱ्या टेकला मामला संपला पाहिजे. संध्याकाळी लावणी, तिथे ढोलकीवाल्याची थाप कुठे मोठी होणार हे आधी कळून पायाने वाजवायचा किक ड्रम मागे घ्यायचा. हे करणाऱ्याला कोणत्याही एका वाद्याच्या उस्तादाइतका त्या वाद्याचा रियाज नसेल. पण गाणं पहिल्यांदा ऐकून त्यात आपली जागा शोधायची आणि नको तिथे हात आवरायचा, हे त्याचं कसब आहे, आणि ते वेगळ्या कष्टाने येतं. रेकॉर्डिंगच्या धंद्यात पैसे याच कसबाचे मिळतात.

आपल्या मुंबईतच याची मोठी परंपरा आहे. कावस लॉर्ड बोलपटांच्या सुरुवातीच्या काळातले तालवादक. त्यांचा एक मुलगा बर्जोर ड्रम्स आणि व्हायब्राफोन वाजवायचा. दुसरा केरसी तालवाद्यं, ग्लॉकेनस्पील, अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा, अरेंजिंग करायचा, आणि सत्तरच्या दशकात सिंथेसायझर आला तेव्हा तो हाताळणाऱ्या इथल्या पहिल्या लोकांत होता. केरसी लॉर्डना कोणी ‘यातलं नक्की काय येतं?’ असं विचारल्याचं ऐकिवात नाही. लॉस एंजेलिसचा ड्रमर जेफ पोर्कारो घ्या. स्टीली डॅन या बँडसाठी वाजवलं, पॉपच्या शेकडो रेकॉर्डवर वाजवलं, १९७७ मध्ये मित्रांसोबत टोटो हा बँड काढला, बँडच्या एका सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या रचनेत त्याचाही वाटा आहे, आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत दुसऱ्यांच्या सेशनला जाणं त्याने सोडलं नाही.

तुमच्या शंकेत एक कण मात्र खरा आहे, तो लपवत नाही. ‘कुठेही बसवा’ याचा अर्थ, तुम्हाला का बोलावायचं याचं एक ठळक कारण त्या ज्येष्ठांच्या डोक्यात नाही. तुम्ही उपलब्ध आहात, स्वभावाने बरे आहात आणि काम अडत नाही, एवढंच आहे. अशा माणसाला गर्दीच्या हंगामात फोन येतात, मंदीत येत नाहीत. तेव्हा गेल्या वर्षभरातली कामं आठवून लिहून काढा आणि प्रत्येकापुढे लिहा, की हे काम दुसऱ्या कोणाला न देता तुम्हाला का दिलं. तुमच्या पत्रावरून माझा अंदाज सांगते. नुसते ड्रम्स उत्तम वाजवणारे मुंबईत बरेच आहेत. ढोलकी तुमच्याहून चांगली वाजवणारेही असतील, तुमचे वडीलच कदाचित. पण ढोलकीची भाषा घरात ऐकलेला आणि तीच ड्रम सेटवर बोलू शकणारा माणूस फार थोड्या जागी सापडतो. हे खरं असेल तर तुमची हीच ओळख लोकांच्या डोक्यात बसायला हवी. बाकीची वाद्यं सोडायची गरज नाही. फोनवर कोणी ‘काय काय वाजवता?’ विचारलं की तुम्ही दहा वाद्यांची यादी वाचता, ती आता थांबवा.

आणि मशीन. तुम्ही लिहिता की प्रोग्रामिंगने पोटावर पाय आणला. फोन कमी झालेत हे खरं, त्यात तुमचा दोष काही नाही. पण एक आठवण करून देते. तुमची सुरुवात ऑक्टोपॅडवर झाली. रोलँड कंपनीचं ते यंत्र १९८५ मध्ये बाजारात आलं आणि पुढे आपल्या गणपतीच्या ऑर्केस्ट्रात बोंगो, काँगो, साइड ऱ्हिदमची चार माणसं जिथे बसायची तिथे एक मुलगा आठ पॅड घेऊन बसू लागला. तो मुलगा तुम्ही होता. त्याआधी १९८० मध्ये रॉजर लिन यांनी खऱ्या ड्रम्सचे आवाज भरलेलं पहिलं ड्रम मशीन काढलं, तेव्हा अमेरिकेतल्या स्टुडिओतले ड्रमर असेच हादरले होते. त्यातल्या काहींनी ते यंत्र शिकून घेतलं आणि मशीनचा ताल माणसासारखा कसा चालवायचा ते काम स्वतःकडे आणलं. प्रोग्रामिंग करणाऱ्या मुलांना आज अमेरिकन ड्रम्सचे उत्तम आवाज घरबसल्या मिळतात. हलगी, संबळ, दिमडी, ढोलकीचे मात्र तेच ते आवाज सगळीकडे फिरतात, आणि ते ऐकल्याबरोबर ओळखू येतात. लावणीचा ठेका संगणकाच्या ग्रिडवर, समान चौकटींत, नेमका बसवला की मरतो, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. एखाद्या प्रोग्रामरला हातानं वाजवलेले चार ट्रॅक दिवसभरात पाठवू शकणारा माणूस त्याला हवाच असतो. कल्याणच्या फ्लॅटमध्ये ड्रम सेट वाजवता येणार नाही, सोसायटी उठून बसेल. ढोलकी, डफ, कहोन, शेकर मात्र एका खोलीत गाद्या-गोधड्या लावून, दोन बऱ्या माईकवर नीट रेकॉर्ड होतात. ड्रम्ससाठी तासावर खोली घ्या. रेकॉर्डिंग आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर तुम्हाला कितपत येतं हे पत्रात नाही. येत नसेल तर कोणताही मोठा निर्णय घेण्याआधी चार-सहा महिने ते शिका. तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलाकडे शिकायला लागलं तरी शिका.

तुमची तिसरी समजूत मला सर्वांत जास्त खटकली. वादक ही खालची पायरी, संगीतकार ही वरची, आणि ३७व्या वर्षीही खालीच आहोत म्हणजे मागे पडलो, असं पत्रात ओळीओळीतून दिसतं. गंमत म्हणजे, तुमचे वडील उलट बाजूने बोलत असले तरी त्यांच्याही मनात हीच पायऱ्यांची मांडणी आहे. ते म्हणतात वर बघू नकोस, तुम्ही म्हणता वर जायचंय.

वाजवणाऱ्यांतून संगीतकार झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. लक्ष्मीकांत मेंडोलिन वाजवायचे, प्यारेलाल व्हायोलिन. मराठीत अनिल-अरुण या जोडीतले अनिल मोहिले व्हायोलिनवादक आणि संयोजक, अरुण पौडवाल अ‍ॅकॉर्डियनवादक. इळैयराजा दुसऱ्या संगीतकारांकडे गिटार वाजवत होते, रहमान इळैयराजांकडे कीबोर्ड. पण ही माणसं कशी गेली ते बघा. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी १९६३ मध्ये स्वतःच्या नावाचा पहिला चित्रपट येण्याआधी वाजवता वाजवता कल्याणजी-आनंदजींकडे सहायक म्हणून काम केलं. अनिल-अरुण एस. डी. बर्मन यांच्याकडे होते. इळैयराजा जी. के. वेंकटेश यांचे सहायक होते. रहमाननी १९९२ पर्यंत जाहिरातींच्या जिंगल्सचा ढीग उपसला. ‘आजपासून वाजवणं बंद, आता मी संगीतकार’ असं जाहीर करून कोणी गेलं नाही. मधला टप्पा प्रत्येकाला होता, कुणाला सहायकाचा, कुणाला संयोजनाचा, कुणाला जिंगलचा. त्या टप्प्यावर त्यांना दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्याच्या मुदतीत काम करून हात बसवता आला.

आणि दोन्ही सोबत ठेवणारेही आहेत. रणजीत गजमेर, ज्यांना सगळे कांचा म्हणतात, ते दार्जिलिंगहून आले. आर. डी. बर्मन यांच्याकडे त्यांनी मादल हे नेपाळी तालवाद्य वाजवलं आणि नेपाळी चित्रपटांना संगीतकार म्हणून गाणीही दिली. रणजीत बारोट यांनी ड्रमर म्हणून गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनच्या बँडमध्ये वाजवलं आणि चित्रपटांना संगीतही दिलं. त्यांना ‘ड्रमर की संगीतकार?’ असं एक काहीतरी निवडावं लागलं नाही. तुम्हालाही ती निवड करा असं कोणी सांगितलेलं नाही. तो प्रश्न तुम्हीच स्वतःला घातलाय.

संगीतकाराच्या कामाविषयी दोन गोष्टी आधी माहीत असू द्या. एक, तालवादकाला स्वर आणि हार्मनीचं काम वेगळं शिकावं लागतं. नाटकाचं पार्श्वसंगीत ताल आणि आवाजांच्या पोतावर छान उभं राहतं. गाण्याला चाल द्यायची म्हणजे कवितेचा छंद, शब्दातला ऱ्हस्व-दीर्घ आणि गाणाऱ्याचा गळा यांच्यासोबत बसावं लागतं. पेटीवर रोज तासभर बसा आणि एखाद्या चांगल्या शिक्षकाकडे सुगम संगीताच्या चालींचा अभ्यास करा. दोन, या कामाचा अर्ध्याहून जास्त वेळ माणसांमध्ये जातो. निर्मात्याला चाल आवडते, त्याच्या भाच्याला आवडत नाही. वाहिनीला मुखडा आणखी ‘कॅची’ हवा असतो. पैसे तीन हप्त्यांत ठरतात आणि तिसरा हप्ता येत नाही. वादक संध्याकाळी काम संपवून घरी जातो, संगीतकाराचं काम घरी येतं. तुमच्या त्या दोन प्रायोगिक नाटकांच्या तालमींत दिग्दर्शकाने सातव्यांदा संगीत बदलायला लावलं असेल तेव्हा तुम्हाला राग आला का, की डोकं आणखी चालू लागलं? याचं प्रामाणिक उत्तर तुमच्याकडेच आहे, आणि वडिलांच्या किंवा माझ्या मतापेक्षा त्याला जास्त किंमत आहे.

आता मूळ दुखण्याकडे येते. मला विचाराल तर तुमचं दुखणं अष्टपैलूपणाचं नाहीच. पंधरा वर्षांच्या कामाचा तुमच्या नावावर एकही कागद नाही, हे दुखणं आहे. रोख पैसे, तोंडी व्यवहार, श्रेयनामावलीत नाव नाही, आणि वर दुसऱ्याच्या नावाने चाली. ‘कुठेही बसवा’ म्हणणाऱ्याला तुम्ही नेमकं काय केलंय हे ठाऊक नसेल, तर ते ठाऊक होण्याचा रस्ताच तुम्ही बंद ठेवलाय.

क्लाइड स्टबलफिल्ड हा अमेरिकन गायक जेम्स ब्राउनचा ड्रमर. १९७० मध्ये आलेल्या ‘फंकी ड्रमर’ या रेकॉर्डवर त्याने काही सेकंद एकट्याने जो ताल वाजवला, तो पुढे हिप-हॉपवाल्यांनी असंख्य गाण्यांत उचलला. जगात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या ड्रमच्या तुकड्यांत त्याची गणना होते. गाण्याचा रचनाकार म्हणून नाव जेम्स ब्राउनचं होतं. स्टबलफिल्डला त्या दिवशीच्या वाजवण्याचा मोबदला मिळाला, पुढच्या वापराची रॉयल्टी नाही. तो २०१७ मध्ये गेला.

आपल्याकडे कायदा तुम्ही समजता त्यापेक्षा तुमच्या बाजूचा आहे, पण तो नावाच्या आधारावर उभा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्या कलावंताचे हक्क आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने ते वाढले. वादक या व्याख्येत येतो, व्यावसायिक वापराबद्दल त्याला रॉयल्टीचा हक्कही सांगितलाय. मात्र चित्रपटासाठी एक परंतुक, म्हणजे अपवाद, आहे. ज्याचं सादरीकरण प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच दिलं जात नाही, तो त्या चित्रपटापुरता सादरकर्ता धरला जात नाही. आपल्या सादरीकरणाची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क तेवढा त्याला राहतो. म्हणून नाव लागणं हा मानापमानाचा विषय समजू नका. तुम्ही कायद्याच्या आत की बाहेर, ते त्यावर ठरतं.

चाली करून देण्याचं तर आणखी स्पष्ट आहे. ज्याने संगीत रचलं तो संगीतकार, मग त्याने ते लिपीत लिहिलं असो वा नसो, अशीच कायद्याची व्याख्या आहे. फोनवर गुणगुणून पाठवलेली चालही त्यात आली. हक्क दुसऱ्याला विकल्यावरही ‘हे मी केलं’ असं सांगायचा अधिकार मूळ कर्त्याकडे राहतो. शिवाय २०१२ पासून संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सहजासहजी कायमचा लिहून देता येत नाही. पण हे सगळं सिद्ध करायला पुरावा लागतो. आजवरच्या चालींच्या फोनमधल्या रेकॉर्डिंग्ज, प्रोजेक्टच्या फायली, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं तारखांसकट एका जागी साठवा, आणि दुसऱ्या जागी त्याची प्रत ठेवा.

अरेंजर मित्राशी भांडू नका. त्याने तुम्हाला पडत्या काळात काम दिलंय आणि बहुधा त्याचंही वर कोणीतरी नाव न लावणारं आहे. जुनं उकरून काढलंत तर तोही जाईल आणि कामही. त्याच्याकडे एकदा निवांत जा, आणि पुढचं काम सुरू होण्याआधी जा, मुदत डोक्यावर असताना नको. म्हणा, ‘आजवर झालं ते झालं. यापुढे मी केलेल्या चालीला सहसंगीतकार म्हणून नाव लागलं पाहिजे, नाहीतर निदान पार्श्वसंगीतात संगीतसाहाय्य आणि ऱ्हिदम संयोजन माझ्या नावावर हवं. त्यासाठी पैसे थोडे कमी घ्यायचीही माझी तयारी आहे.’ तो लगेच हो म्हणणार नाही. नुसता ऱ्हिदम वाजवण्याचं काम चालू ठेवा, चाली थांबवा. महिन्या-दोन महिन्यांत कळेल की त्याला तुमची गरज किती आहे.

नाव लागलेल्या रचना झाल्या की इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व घ्या. गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची ती संस्था १९६९ पासून आहे. तुमचं वाजवणं तिथे मोजलं जात नाही, चाल मोजली जाते. नाटकांच्या आणि लघुपटांच्या संगीताबद्दल दिग्दर्शकांकडून आजच दोन ओळींचं पत्र घ्या: संगीत कोणाचं, वर्ष कोणतं, हक्क कोणाकडे. यापुढे प्रत्येक कामाचं बिल द्या आणि पैसे बँकेत घ्या. कर कापला जाईल, विवरणपत्र भरावं लागेल, पण उद्या कर्ज काढताना किंवा कोणी पैसे बुडवले तर तोच आधार असतो. सिने म्युझिशियन्स असोसिएशनचे सभासद नसाल तर चौकशी करा. थकलेल्या पैशांसाठी एकट्याने फोन करत बसण्यापेक्षा संघटनेतून गेलेलं बरं. ऑक्टोपॅड घेऊन नुकताच ऑर्केस्ट्रात बसू लागलेला एखादा मुलगा हे वाचत असेल, तर त्याने एक वही आजच घालावी: तारीख, स्टुडिओ, गाणं, काय वाजवलं, कोणी बोलावलं, किती पैसे.

राहिली शाळा. तुमच्या पत्रात ती हार मानल्यासारखी येते, मला ती तशी दिसत नाही. घरात लहान मूल आहे, पत्नीचा पगार सुरू आहे, पण घराचा सगळा भार तिच्या एकटीवर टाकून दोन वर्षं ‘संगीतकार’ व्हायचं, हा तुमच्या एकट्याचा निर्णय असू शकत नाही. ‘ती म्हणते तू ठरव’ असं तुम्ही लिहिलं असतं तर मी विचारलं असतं की तिच्यासमोर आकडे ठेवलेत का. तुम्ही तर ती काय म्हणते हेच लिहिलेलं नाही. गेल्या दोन वर्षांत कोणत्या महिन्यात किती आले ते कागदावर काढा. गणपती ते दिवाळी किती, पावसाळ्यात किती. मग दोघं बसून ठरवा, की किती महिने कमी पैशांत निघू शकतात. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल तर पूर्णवेळ संगीतकार होण्याची गोष्ट आत्ता काढूच नका.

शाळेत नुसता पगारच नाही. चाळीस मुलांना एका तालात आणायचं म्हणजे अरेंजिंगचं शिक्षणच असतं, आणि वार्षिक संमेलनाला दरवर्षी नवी गाणी लागतात. तोटाही खरा आहे. रेकॉर्डिंगचा फोन सकाळी येतो आणि दुपारी दोनला पोहोचायचं असतं. चारदा नाही म्हणालात की पाचवा फोन येत नाही. म्हणून माझं मत असं: नोकरी अर्धवेळ किंवा आठवड्यातून तीन दिवस मिळते का, ते आधी विचारा. शाळांना चांगला तालवादक सहज मिळत नाही, तुम्ही मागण्याच्या जागी आहात. मिळाली तर घ्या. उरलेल्या दिवसांत एक दिवस फक्त स्वतःच्या रचनांचा ठेवा आणि त्या दिवशी रेकॉर्डिंगही घेऊ नका. पूर्णवेळच हवं म्हणाले आणि घरचे आकडे फारच तंग असतील, तर एक वर्षासाठी घ्या, वर्षानंतर पुन्हा बघा. आकडे बरे असतील तर नाही म्हणा. तिन्ही बाबतींत वाजवणं सुरू ठेवा. तुम्हाला संगीतकार म्हणून पहिलं मोठं काम देणारा माणूस, माझ्या अंदाजाने, तुम्हाला ढोलकी किंवा ड्रम्स वाजवताना ऐकूनच येणार आहे.

नेमणुकीच्या पत्रावर सही करण्यापूर्वी दोन कलमं मात्र नीट वाचा. एक, बाहेर काम करायला मनाई आहे का. असेल तर संध्याकाळची आणि सुट्टीतली कामं चालतील असं लिहून घ्या. दुसरं, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या रचनेचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कायद्याने नोकरी देणारा ठरतो. शाळेच्या संमेलनासाठी केलेली गाणी शाळेची राहू देत, पण शाळेच्या वेळेबाहेर घरी केलेल्या चाली तुमच्या, हे एक वाक्य त्या पत्रात घालून मागा. आणि ऑडिओमेट्रीचा निकाल काय आला ते मला कळवा.